चिखलाला प्रश्न विचारणारा माणूस

वाशीच्या खाडीपुलावरून लोकल जात असताना ओहोटी असेल तर डब्यात एक वास शिरतो. सडलेल्या अंड्यासारखा. तुम्ही नाक दाबता, कुणीतरी गटाराला शिव्या घालतं आणि मानखुर्द येईपर्यंत विषय संपलेला असतो. खाडीत सांडपाणी येतं हे खरंच आहे. पण तो वास निव्वळ सांडपाण्याचा नाही. आसपास एकही शहर नसलेल्या निरोगी कांदळवनात जा, काळ्या चिखलात पाय रुतला की हाच वास येईल. हा हायड्रोजन सल्फाइड वायू. तो बनवतात चिखलातले जिवाणू.

चमचाभर चिखल घेतला तर त्यात कोट्यवधी जिवाणू असतात. काही गंधकावर जगतात, काही लोखंडावर, काही अमोनियावर, काही पडलेल्या पानांवर. तिवराच्या मुळापाशी एक वस्ती, तिथून दोन बोटं लांब दुसरीच. वरच्या थरात एक, खाली वेगळी. मग प्रश्न पडतो की कुणी कुठे राहायचं हे ठरवतं कोण?

या प्रश्नाचा पाया ज्याने घातला त्याचं नाव सर्गेई विनोग्राद्स्की. त्याचं काम युरोपातल्या गंधकाच्या झऱ्यांवर आणि शेतातल्या मातीवर झालं. पण आज ठाण्याच्या खाडीपासून सुंदरबनापर्यंत कुठल्याही कांदळवनाची माती तपासणारा माणूस त्याच्याच वाटेने चालतो. आणि त्याचं आयुष्य असं की करिअरचं काय होणार म्हणून रात्री झोप न येणाऱ्या प्रत्येकाने एकदा वाचावं.

आधी कायदा, मग पियानो

सर्गेईचा जन्म १८५६ चा, कीव्ह शहरातला. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. घर श्रीमंत, जमीनजुमला भरपूर. शाळा संपल्यावर पोरगा कीव्ह विद्यापीठात कायदा शिकायला गेला. मन रमलं नाही. मग विज्ञान शाखेत गेला. तिथेही रमलं नाही. मग सगळं सोडून थेट सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात, पियानो शिकायला! गुरू होते थिओडोर लेशेटिझ्की, त्या काळातले पियानोचे नावाजलेले शिक्षक.

आपल्याकडे हे घडलं असतं तर नातेवाइकांनी लग्नाकार्यात काय काय ऐकवलं असतं याची कल्पना करा. तीन दरवाजे उघडले, तीनही सोडले. कारण थोड्याच काळात त्याने पियानोही सोडला आणि १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात पुन्हा विज्ञानाकडे आला. या वेळी मात्र टिकला. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आंद्रेई फामिन्त्सिन यांच्या प्रयोगशाळेत त्याने सूक्ष्मजीव पाहिले आणि तिथून पुढे आयुष्यभर दुसरं काही पाहिलं नाही. १८७९ मध्ये झिनाइदाशी लग्न झालं. पुढे चार मुली झाल्या.

हा काळ सूक्ष्मजीवशास्त्राच्या धूमधडाक्याचा होता. फ्रान्समध्ये लुई पाश्चर, जर्मनीत रॉबर्ट कॉख. एकेका रोगाचा एकेक जंतू पकडला जात होता. जंतू म्हणजे गुन्हेगार आणि शास्त्रज्ञ म्हणजे पोलिस, असा मामला. पण मातीत, तळ्यात, खाडीत जे असंख्य जिवाणू कुणालाही आजारी न पाडता आपलं काम करतात, त्यांचं काय? त्यांच्याकडे फार थोड्यांचं लक्ष होतं. सर्गेई त्यांच्या मागे लागला.

गंधक खाणारे धागे

१८८५ मध्ये तो स्ट्रासबर्गला गेला. तेव्हा ते जर्मन साम्राज्यात होतं. तिथे आंटोन डी बारी यांच्या प्रयोगशाळेत त्याने एक विचित्र जिवाणू हाती घेतला. नाव बेगियाटोआ. गंधकाच्या झऱ्यांत दगडांवर पांढऱ्या कापसासारखे धागे दिसतात, ते हे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर धाग्याच्या आत गंधकाचे चमकदार थेंब.

झऱ्याला सडक्या अंड्यांचा वास यायचा. हा वायू हेच धागे बनवत असणार, असं बऱ्याच जणांना वाटायचं. सर्गेईने वेगळी गोष्ट केली. धागे मेजवानीच्या ताटात वाढवण्याऐवजी त्याने काचपट्टीवर झऱ्यासारखंच पाणी ठेवलं आणि तोच धागा तासन् तास, दिवसेंदिवस पाहत बसला. हायड्रोजन सल्फाइड असलेलं पाणी दिलं की आतले गंधकाचे थेंब वाढायचे. ते बंद केलं की थेंब कमी होत होत नाहीसे व्हायचे आणि पाण्यात सल्फ्युरिक आम्ल तयार व्हायचं. फार दिवस उपाशी ठेवलं तर धागा मरायचा.

अर्थ सरळ होता. हे धागे तो वायू बनवत नव्हते, ते तो खात होते. त्याच्यापासून ऊर्जा मिळवून जगत होते. १८८७ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. एखादा जीव निर्जीव रसायनाला ऑक्सिजनशी जोडून त्या ऊर्जेवर जगतो, ही कल्पनाच नवी होती.

आता खाडीत या. कांदळवनात बेगियाटोआसारखे जिवाणू नेमके कुठे सापडतात? जिथे खालून हायड्रोजन सल्फाइड येतो आणि वरून ऑक्सिजन, त्या सीमारेषेवर. थोडं वर गेलं तर खायला नाही, थोडं खाली गेलं तर श्वास घ्यायला नाही. त्यांचा पत्ता त्या दोन रसायनांनी लिहून ठेवलेला असतो.

त्याच दिवसांत सर्गेई काचेच्या खोल भांड्यात चिखल, पाणवनस्पतींचे कंद आणि जिप्सम घालून ठेवायचा आणि वाट पाहायचा. काही आठवड्यांत त्या भांड्यात आपोआप वेगवेगळ्या जिवाणूंच्या वस्त्या उभ्या राहायच्या. आज जगभरच्या कॉलेजांत याला विनोग्राद्स्की कॉलम म्हणतात. मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये खिडकीपाशी रंगीत पट्टे असलेली चिखलाची बाटली पाहिली असेल तर तुम्ही त्याला भेटलाच आहात.

जेलीवर न उगवणारे

१८८८ मध्ये डी बारी गेले. सर्गेई झुरिकला आला आणि एका जुन्या कोड्याला भिडला. शेतात शेणखत घातलं की त्यातल्या अमोनियाचं हळूहळू नायट्रेट होतं आणि ते पिकाला लागू पडतं. हे काम जिवंत काहीतरी करतं, हे १८७७ मध्येच दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी, श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी दाखवलं होतं. पण तो जीव कोण? दहा-बारा वर्षं लोक शोधत होते, सापडत नव्हता.

न सापडण्याचं कारण पद्धतीत होतं. तेव्हा कॉखची पद्धत म्हणजे शेवटचा शब्द. मांसाचा अर्क घातलेल्या जिलेटिनच्या जेलीवर नमुना पसरायचा, जिवाणूंचे ठिपके उगवले की एकेक वेगळा काढायचा. मातीचा नमुना पसरला की ठिपके भरपूर यायचे, पण त्यातला एकही अमोनियाचं नायट्रेट करायचा नाही.

सर्गेईने विचार उलटा केला. जेलीवर जे उगवतात ते फुकटचं जेवण आवडणारे. मला हवा असलेला जीव कदाचित जेवणच नको म्हणणारा असेल. मग त्याने असं पाणी तयार केलं ज्यात सेंद्रिय अन्नाचा कणही नाही. थोडे क्षार, थोडा अमोनिया, संपलं. त्यात झुरिकची माती टाकली. इतरांची उपासमार झाली आणि एक गट निवांत वाढू लागला. शुद्ध करायचं म्हटल्यावर त्याने सेंद्रिय जेलीऐवजी सिलिकाची, म्हणजे जवळपास वाळूच्याच रसायनाची जेली वापरली.

१८९० आणि ९१ मध्ये निकाल बाहेर आले. काम करणारा एक नव्हता, दोन गट होते. पहिला अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचं नायट्रेट. एकाचा कचरा हे दुसऱ्याचं जेवण. आणि दोघेही अंधारात, सूर्यप्रकाशाशिवाय, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून आपलं शरीर बनवतात. हे काम फक्त हिरव्या वनस्पतींचं आणि तेही उजेडात, अशी तोवर समजूत होती.

विज्ञान कसं पुढे जातं हेही इथे सांगायला हवं. अमोनियावरचं पहिलं काम आर्किया नावाचे वेगळेच सूक्ष्मजीवही करतात, हे २००५ मध्ये कळलं. आणि दोन्ही पायऱ्या एकट्याने पूर्ण करणारे जिवाणू २०१५ मध्ये सापडले. म्हणजे सर्गेईची दोन गटांची वाटणी सव्वाशे वर्षांनी थोडी सैल झाली. पण हे नवे जीव शोधणाऱ्यांनीही रीत तीच वापरली. जीवाला हवी तशी परिस्थिती आधी उभी करा, मग तो येईल.

पाश्चरला नकार आणि हवेतलं खत

या कामानंतर पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून बोलावणं आलं. तेव्हाचं जगातलं सगळ्यात मोठं नाव! सर्गेईने नकार दिला आणि १८९१ मध्ये तो सेंट पीटर्सबर्गच्या नव्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत विभागप्रमुख झाला.

तिथे त्याने तिसरं कोडं सोडवलं. हवेत जवळपास ७८ टक्के नायट्रोजन, पण झाडांना तो थेट वापरता येत नाही. डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू तो पकडून देतात, हे नुकतंच समजलं होतं. सर्गेईने नायट्रोजनचं संयुगच नसलेलं पाणी घेतलं, त्यात साखर आणि माती टाकली, ऑक्सिजन दूर ठेवला. वाढलं ते काय? कुठल्याही झाडाच्या आश्रयाशिवाय, मातीत स्वतंत्र राहून हवेतला नायट्रोजन पकडणारा जिवाणू. नाव त्याने पाश्चरच्या सन्मानार्थ ठेवलं, क्लोस्ट्रिडियम पाश्चरिॲनम. नोकरी नाकारली, पण आदर ठेवला.

कांदळवनाच्या चिखलात झाडांना वापरता येईल असा नायट्रोजन बऱ्याचदा तुटपुंजा असतो. तरी तिवर, कांदळ, चिपी तरारून उभी असतात. त्यांच्या मुळांभोवती नायट्रोजन पकडणारे जिवाणू असतात, हे त्यामागचं एक मोठं कारण. झाड मुळांतून साखर झिरपू देतं, जिवाणू नायट्रोजन देतात.

गंधकाच्या साखळीचा दुसरा अर्धा भाग मात्र दुसऱ्या माणसाने शोधला. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून तो वासाचा वायू कोण बनवतं? हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहरात मार्टिनस बायेरिंकने १८९५ मध्ये सल्फेटवर श्वास घेणारा जिवाणू वेगळा काढला. त्याची पद्धतही सर्गेईसारखीच होती. दोघांनी वेगवेगळ्या गावांत बसून एकच वर्तुळ पूर्ण केलं.

पंधरा वर्षांचा ब्रेक

आता गोष्ट वळण घेते. सर्गेई संस्थेचा संचालक झाला. मग तब्येत बिघडली. १९०५ च्या सुमारास, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्याने पद सोडलं आणि युक्रेनमधल्या आपल्या जमिनीवर जाऊन राहिला. शेती, जंगल, हिशोब. सूक्ष्मदर्शक बाजूला पडला. विज्ञानाच्या जगात पाच वर्षं गायब झालेल्या माणसाला लोक विसरतात. हा पंधरा वर्षं गायब होता.

१९१७ ला रशियात क्रांती झाली. मग यादवी युद्ध. जमीन गेली, घर गेलं, पैसा गेला. साठी ओलांडलेला माणूस देश सोडून निघाला आणि १९२१ मध्ये बेलग्रेडला पोचला. तिथल्या विद्यापीठात जागा मिळाली. या वयात आणि या अवस्थेत कुणी शांतपणे निवृत्त झाला असता तर त्याला नावं कोण ठेवणार होतं?

१९२२ मध्ये पत्र आलं. पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक एमिल रू यांचं. तीस वर्षांपूर्वी नाकारलेला तोच दरवाजा पुन्हा उघडला होता. या वेळी सर्गेई गेला. पॅरिसच्या बाहेर ब्री-कोंत-रोबेर नावाच्या छोट्या गावात त्याला घर आणि प्रयोगशाळा मिळाली. वय पासष्टच्या पुढे. त्याची दुसरी इनिंग इथे सुरू झाली.

माती जशी आहे तशी

ब्रीमध्ये त्याने स्वतःच्याच शास्त्राशी भांडण काढलं. त्याचा मुद्दा असा होता की लोक मातीतून जिवाणू काढतात, प्रयोगशाळेत भरपूर अन्नावर पोसतात, तो तिथे काय करतो ते लिहितात आणि मातीतही तो तेच करत असेल असं धरून चालतात. हे म्हणजे लग्नाच्या पंगतीत एखाद्याला जेवताना पाहून तो घरी रोज काय खातो ते सांगण्यासारखं. मातीत बहुतेक जीव अर्धपोटी असतात, शेजाऱ्यांशी चढाओढ करत असतात, दिवसाला परिस्थिती बदलत असते. पंगतीत बसलेल्या एकट्या जिवाणूवरून वस्तीचं काय कळणार?

त्याने मातीचा नमुना थेट काचपट्टीवर घेऊन रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजला. जेलीवर उगवणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त जिवाणू मातीत दिसले. म्हणजे बहुसंख्य जनता आपल्या ताटात कधी आलीच नव्हती! आज शास्त्रज्ञ चिखलातून सरळ डीएनए काढून वाचतात ते याच कारणासाठी. बहुतेक जिवाणू अजूनही लॅबमध्ये वाढायला तयार नसतात.

१९२५ च्या सुमारास त्याने मातीतल्या जिवाणूंची एक वाटणीही मांडली. काही जत्रेतल्या दुकानांसारखे. ताजं अन्न आलं की अचानक गर्दी, संपलं की गायब. काही गावातल्या वाण्याच्या दुकानासारखे. बारा महिने उघडे, गिऱ्हाईक कमी, पण हटत नाहीत. मातीत जुनं, सहज न पचणारं जे काही असतं त्यावर हळूहळू जगणारे. तिवराच्या पानांचा सडा पडला किंवा सांडपाण्याचा लोंढा आला तर चिखलात जत्रा भरते. ती पाहून तिथले कायमचे रहिवासी तेच असं समजलं तर फसगत होते. म्हणून कांदळवनाची माती एकदाच तपासून भागत नाही. पावसाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा, भरतीला, ओहोटीला, पुन्हा पुन्हा जावं लागतं.

त्याची मुलगी हेलेन त्याच्याबरोबर नायट्रेट बनवणाऱ्या जिवाणूंवर काम करू लागली. १९२४ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने त्याला परदेशी सदस्य केलं. १९३५ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रातलं मानाचं लेवेनहुक पदक मिळालं. १९४९ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर, त्याचं मातीच्या सूक्ष्मजीवशास्त्रावरचं पन्नास वर्षांचं काम एका जाडजूड ग्रंथात आलं. फेब्रुवारी १९५३ मध्ये ब्रीमध्येच तो गेला. वय ९६.

खाडीतलं गणित

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. कांदळवनात कुणी कुठे राहायचं हे कोण ठरवतं? सर्गेईची नजर घेऊन पाहिलं तर यादी तयार होते.

पहिला ऑक्सिजन. पाण्याने भरलेल्या चिखलात तो वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच पोचतो. त्याच्या खाली श्वासासाठी दुसरं काहीतरी लागतं. आधी नायट्रेट, मग लोखंड, मग सल्फेट, आणि सगळं संपलं की शेवटी मिथेन बनवणारे. शिडीच्या प्रत्येक पायरीवर वेगळे भाडेकरू.

दुसरं समुद्राचं पाणी. त्यात लिटरमागे साधारण पावणेतीन ग्रॅम सल्फेट असतं. गोड्या पाण्याच्या तळ्यात ते फारच कमी, म्हणून तिथे मिथेनवाल्यांचं फावतं. खाडीत सल्फेटवाले वरचढ. वास तिथूनच येतो. तो वायू चिखलातल्या लोखंडाला भेटला की काळं संयुग बनतं आणि चिखल काळा दिसतो.

तिसरं झाड. तिवराची जमिनीतून वर आलेली पेन्सिलीसारखी मुळं पाहिली आहेत ना? ती श्वसनमुळं. त्यांतून हवा खाली जाते आणि मुळांभोवती झिरपते. तेवढ्या जागेत काळा चिखल तांबूस होतो, गंजतो, आणि तिथली जिवाणूंची वस्ती बदलते. पानांत टॅनिन किती, पान लवकर कुजतं की उशिरा, यानेही फरक पडतो.

चौथे खेकडे. त्यांची बिळं म्हणजे चिखलात खोलवर गेलेले वायुमार्ग. प्रत्येक बिळाच्या भिंतीवर पृष्ठभागासारखी छोटी वस्ती वसते. पाचवा पाऊस. जुलैत नद्यांचं पाणी येऊन खारेपणा उतरतो, मेमध्ये चढतो. सहावे आपण. आपलं सांडपाणी, आपला राडारोडा, आपले बांध.

थेट गंधक खाणाऱ्यांचा एक ताजा किस्सा सांगतो. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर, कांदळवनात पाण्याखाली कुजणाऱ्या पानांवर, ऑलिव्हिए ग्रो या शास्त्रज्ञाला पांढरे धागे दिसले होते. आधी तो जिवाणू असेल असं वाटलंच नाही, कारण धागा नुसत्या डोळ्यांना दिसत होता. २०२२ मध्ये सायन्स जर्नलमध्ये जाहीर झालं की तो एकच पेशी असलेला जिवाणू आहे, लांबी साधारण एक सेंटिमीटर, काही तर दोन सेंटिमीटरपर्यंत. थायोमार्गारिटा मॅग्निफिका. आत गंधकाचे कण. खानदान तेच, सर्गेईच्या बेगियाटोआचं.

बांध घातला की काय होतं

हे सगळं वाचून परीक्षेच्या नोट्स करायच्या नाहीत. यात आपलं काहीतरी पणाला लागलेलं आहे.

ऑक्सिजन नसल्यामुळे कांदळवनाच्या चिखलात पानं आणि मुळं फार सावकाश कुजतात. त्यांच्यातला कार्बन शतकानुशतकं तिथेच गाडलेला राहतो. आता कुणी राडारोडा टाकून किंवा बांध घालून भरतीचं पाणी अडवलं तर काय होईल? झाड लगेच पडत नाही. दिसायला काही महिने हिरवंच असतं. पण खाली चिखलात हवा शिरू लागते, शिडी कोसळते आणि भाडेकरू बदलतात. साठवलेल्या कार्बनवर हवेत जगणारे जिवाणू ताव मारतात आणि तो कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. साठलेल्या गंधकाच्या संयुगांवर ऑक्सिजन आणि गंधक खाणारे जिवाणू काम करतात आणि तयार होतं सल्फ्युरिक आम्ल. काचपट्टीवरच्या एका धाग्यात सर्गेईने पाहिलेलं काम आता एकरांच्या हिशोबात सुरू होतं. केरळच्या कुट्टनाडमधल्या कारी नावाच्या आंबट जमिनी अशाच गंधकाच्या आहेत. तिथे भात पिकवायचं तर शेतकऱ्याला या आम्लाशी झुंजावं लागतं.

म्हणून कांदळवन वाचवणं म्हणजे नुसती झाडं मोजणं नाही. तोडलेल्या जागी रोपं लावली, फोटो काढले, आणि भरतीचं पाणी अडलेलंच राहिलं, तर खालची वस्ती परत येत नाही आणि मग रोपंही टिकत नाहीत. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची नासधूस हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचाच घाला ठरवला. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. कायदा कागदावर आहे. तुमच्या घराजवळ कांदळवनात राडारोड्याचे डंपर रिकामे होताना दिसले तर आता तुम्हाला माहीत आहे की खाली काय मरतं. कांदळवन कक्षाला कळवा, पोलिसांना कळवा.

आणि एका शनिवारी हे करून बघा. कांदळवन संरक्षित आहे, तिथून चिखल आणायचा नाही. जवळच्या तळ्याच्या काठचा चालेल. दोन लिटरची पारदर्शक बाटली घ्या. थोड्या चिखलात फाडलेला वर्तमानपत्राचा कागद (हा लेख वाचून झाल्यावर हेच पान चालेल) आणि एका अंड्याचा पिवळा बलक कालवून तळाशी घाला. वर साधा चिखल, त्यावर तळ्याचंच पाणी, आणि तोंडाशी चार बोटं रिकामी. झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो. हात साबणाने धुवा. बाटली उजेडाच्या खिडकीत ठेवा, कडक उन्हात नको, आणि आईला आधीच सांगून ठेवा की वास येणार आहे.

पहिले दोन आठवडे काही होत नाही असं वाटेल. मग तळ काळा पडेल. महिना-दीड महिन्यात कुठे हिरवा, कुठे जांभळा, कुठे गंजासारखा पट्टा दिसू लागेल. तुम्ही एकही जिवाणू बाहेरून विकत आणलेला नाही. सगळे चिखलात आधीपासून होते. तुम्ही फक्त उजेड, अन्न आणि गंधक दिलं आणि प्रत्येकाने आपापली जागा शोधली. मग ओल्या मार्करने बाटलीवर पट्ट्यांच्या रेघा मारा, तारीख लिहा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहा. सर्गेईने आयुष्यभर एवढंच केलं.